वायरी लपवणारे शरदराव

शरदराव कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. पाणी पुढे केलं तर "ठेवा तिथं" म्हणायचे आणि भिंत नि टीव्हीचं टेबल यांच्यामधल्या वीतभर फटीत मान खुपसायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, पाठमोरं आणि रांगत.

माझ्या मुलाचं, संजयचं घर अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला. मला गावाहून येऊन चारच दिवस झाले होते. शनिवारी पाचसहा मराठी कुटुंबं जेवायला आली होती. येईल तो माझ्या पाया पडत होता, "तात्या, प्रवास कसा झाला?" विचारत होता, आणि हा माझ्याच वयाचा गडी टीव्हीमागे शिरलेला. मी सुनेला विचारलं, "मृणाल, आज दुरुस्तीवाल्याला कशाला बोलावलंस?"

"हळू बोला तात्या! ते शरदकाका आहेत. चाळीस वर्षं झाली त्यांना इथं. मोठे इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत."

मोठे इंजिनिअर बाहेर आले ते गुडघ्यांना धूळ घेऊन. हातात वायरींचं भेंडोळं.

"संजय, तुझ्या टीव्हीमागे सतरा वायरी आहेत. त्यातल्या सहा कुठेच जात नाहीत. या सहांना कशाला पोसतो बे?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण तीस वर्षं वायरमन होतो. आमच्याकडं पाचपन्नास गावांत माझ्या हातची केसिंग-कॅपिंग, म्हणजे वायरी बसवायची भिंतीवरची पट्टी, अजून सरळ रेषेत आहे, जाऊन बघावी कुणीही. वायरीविषयी कुणी बोलायला लागलं की मला गप्प बसवत नाही.

"कुठं जात नसतील तर काढून टाका," मी म्हणालो, "पण बाकीच्या लपवता कशाला? लाज वाटते का त्यांची?"

शरदरावांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही?"

"वायरमन."

"अच्छा! मग तर तुम्हाला कळायला पाहिजे. वायर दिसली म्हणजे काम अर्धवट राहिलं. पाहुण्याला टीव्ही दिसावा, टीव्हीची आतडी नाही."

"वायर दिसली की दोष सापडतो. भिंतीत घातली की मग भिंत फोडत बसा."

"भिंत? ही?" त्यांनी बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. "तात्या, ही भिंत नाही, पुठ्ठा आहे. चला, दाखवतो." आणि माझा हात धरून ते मला टीव्हीमागे घेऊन गेले. जेवायला बोलावलं तेव्हा आम्ही दोघं तिथंच होतो, भांडत. मृणाल नंतर म्हणाली की तात्या, तुम्हाला इथं आल्यापासून इतकं खूश पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज अकराच्या सुमाराला ते गाडी घेऊन दारात हजर. हॉर्न वाजवायचे नाहीत, कारण थांबणं त्यांना जमायचं नाही. थेट आत. "चला वायरमन, केस आहे." केस म्हणजे कुणाच्या तरी घरचा वायरींचा गुंता. नवीन घर घेतलेली पोरं, डेटा सेंटरमध्ये काम करणारी, दिवसभर हजारो वायरी सांभाळणारी, आणि त्यांच्या स्वतःच्या टेबलाखाली चिमण्यांच्या घरट्यासारखा पसारा. फोन केला की शरदकाका येतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही देऊ केलं तर ते नुसते, "चहा टाक यार," म्हणायचे आणि चहा होईतो पुढच्या खोलीत पोचलेले असायचे.

त्यांच्या कामाच्या रीती ठरलेल्या. प्लास्टिकचे आवळून बसणारे पट्टे त्यांना चालायचे नाहीत. "गळफास आहे तो," म्हणायचे. शर्टाच्या खिशात कापडी चिकटपट्ट्या असायच्या, चपलेला असतात तसल्या. त्या सोडता येतात, पुन्हा लावता येतात. वायर कधी ताणून बसवायची नाही, टोकाला हातभर सैल सोडायची, म्हणजे टीव्ही पुढं ओढला तर काही तुटणार नाही. उपकरणाची विजेची वायर कधीही भिंतीत सोडायची नाही, तो इथला कायदा. बाकीच्या सोडायच्या. आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी, तीही मराठीत. "मोठा टीव्ही." "भोंगा, डावा." "ही ओढू नये." मी म्हणालो, "इथं वाचणार कोण?" तर म्हणाले, "ज्याला गरज पडेल तो विचारायला येईल. तेवढंच येणं-जाणं."

एकदा मात्र फजिती झाली. एका जोडप्याच्या घरात इंटरनेटचा डबा त्यांनी इतका छान लपवला की डोळ्यांना दिसेना. जिन्याखाली पत्र्याचं कपाट होतं, त्यात. दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन, "काका, नेट चालत नाहीये." शरदराव म्हणाले, कंपनीचा दोष. चार दिवस ते कंपनीचाच दोष म्हणत राहिले. कंपनीचा माणूस आला, एक गोरा जाड्या, त्यानं सगळ्या मराठी चिठ्ठ्यांचे फोटो काढले आणि पाय पसरून बसला. मी तेव्हाच सांगितलं होतं की पत्र्याच्या पेटीत घातलेला रेडिओ वाजत नाही, मग हे कसं चालेल? पण चौथीवाल्याचं कोण ऐकतं. पाचव्या दिवशी शरदराव एकटेच गेले, डबा काढून वर फळीवर ठेवला आणि त्याला नवी चिठ्ठी लावली: "चूक माझी. शरद." मला काही बोलले नाहीत. मला ते त्या पोरीकडूनच कळलं. मला हा माणूस खऱ्या अर्थानं आवडला तो त्या दिवशी.

आता त्यांच्या स्वतःच्या घराचं सांगतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच थबकलो. लोकांची घरं चकाचक करणाऱ्या या माणसाच्या घरात जमिनीवर वायरींचं रान माजलेलं. जुने रेकॉर्ड प्लेयर, दोन अ‍ॅम्प्लिफायर, स्पूलचा टेपरेकॉर्डर, कोपऱ्याकोपऱ्यात भोंगे. रोज काहीतरी उघडायचं, जोडायचं, अर्ध्यावर सोडून दुसरीकडं पळायचं. एक जाड पांढरी वायर तर स्वयंपाकघराच्या दारात आडवी पडून बैठकीत गेलेली.

"या भावजी," आतून कुमुदवहिनी म्हणाल्या. "जपून पाय टाका. लोकांच्या घरच्या वायरी लपवायला जातात हे, आणि माझ्या घरी बारा महिने नागपंचमी."

वहिनी बारीक, गोऱ्या, शरदरावांसारख्याच नागपूरच्या. त्यांना पार्किन्सन होता. हात थरथरायचा, त्याहून पाय नडायचे. चालता चालता पाय जमिनीनं धरून ठेवल्यासारखे व्हायचे. पण तोंड शाबूत. शरदराव दुसऱ्या खोलीत काही पाडत असले की या इथून विचारायच्या, "अहो, काय मेलं?" ते तिकडून ओरडायचे, "काही नाही, जिवंत आहे!" त्या दारातल्या पांढऱ्या वायरीवरून जाताना त्या दर वेळी "मेली आडवी" म्हणायच्या, पाय उचलायच्या आणि पलीकडं जायच्या.

मग मे महिन्यात वहिनी न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळाला चार टाके पडले. त्यांची मुलगी रेवा टेक्सासमधल्या अर्विंगहून विमानानं आली. इथं जन्मलेली, वकील, आईसारखीच बारीक आणि बापासारखीच एका जागी न बसणारी. तिनं घरात पाऊल टाकलं आणि जमिनीकडं बघत उभी राहिली.

"बाबा, व्हॉट इज धिस? आई इथं चालते?"

"ती बाथरूममध्ये पडली, रेवा. तिथं एकही वायर नाही."

"नेक्स्ट टाइम इथं पडेल! मी आईला अर्विंगला नेते. माझ्या घराजवळ एक प्लेस आहे, नर्स असते, सगळं असतं. तुम्ही पण चला."

"मी कुठं जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. एवढंच. पण त्यांचा हात जास्त थरथरायला लागला, आणि शरदरावांनी तो पाहिला.

बाप-लेकीची बोलणी दोन दिवस चालली. शेवटी ठरलं ते असं. तीन आठवड्यांनी फिजिओथेरपीवाली बाई घर बघायला येणार. तेव्हा रेवाही येईल. बाईंनी सांगितलं की घर वहिनींना चालण्यासारखं आहे, तर त्या राहतील. नाही म्हणाल्या, तर अर्विंग.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. शरदराव आधीच अस्वस्थ माणूस, आता त्यांच्या अंगात वारं शिरलं. सकाळी मला घ्यायला यायचे ते आठलाच. मी चहा पीत असलो तर कप हातातून घेऊन ओट्यावर ठेवायचे. "गाडीत प्या वायरमन." आणि गाडीत चहा नसायचा.

आम्ही सगळं काढलं. स्पूलचा टेपरेकॉर्डर त्यांनी तळघरात नेऊन ठेवला आणि वर चादर घातली. भिंतीच्या पायथ्याशी पांढऱ्या प्लास्टिकच्या पन्हळ्या लावल्या, झाकणाच्या. आमच्या केसिंग-कॅपिंगच्या धाकट्या बहिणीच त्या, तेव्हा तिथं माझा हात चालला आणि त्यांनी चालू दिला. भोंग्यांच्या वायरी वरच्या माळ्यातून भिंतीच्या पोकळीत खाली सोडल्या. ते वरून वायर सोडायचे, मी खाली भोकाशी हुक घेऊन बसायचो.

"आली का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो, श्वास तरी घ्या!"

दोन मिनिटांत ते स्वतःच धडधडत खाली. मध्ये कुठं अडकलीय ते बघायला. मग पुन्हा वर. वहिनी खुर्चीत बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, त्यांनाच भिंतीत सोडा. शोधून काढतील."

अठराव्या दिवशी घरात एक वायर दिसेल तर शपथ. जमीन अशी लख्ख की डोळ्यांना नवी वाटावी. मीही मनात मान्य केलं की काम उत्तम झालंय. तोंडानं नाही म्हटलं.

"कुमुद, ये. चालून बघ," शरदराव म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरातून निघाल्या. दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढं मोकळी, गुळगुळीत, रिकामी जमीन. पाय नुसते जागच्या जागी थरथरत राहिले. शरदराव म्हणाले, "ये ना." त्या म्हणाल्या, "येते की." आल्या नाहीत. शेवटी त्यांनी दोन्ही हात धरून ओढून घेतलं तेव्हा त्या तोल जाऊन त्यांच्या अंगावरच आल्या.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच, आणि आता प्रत्येक दारात. आधी ज्या दारातून त्या शिव्या देत का होईना पलीकडं जायच्या, तिथं आता खिळून उभ्या. शरदरावांनी डॉक्टरला फोन केला, गोळीची वेळ बदलायची का विचारलं. चपला बदलल्या. दिवे बदलले. घरभर फेऱ्या मारत राहिले. बाई यायला एक दिवस उरला होता. मला म्हणाले, "इतकं केलं यार, आणि हिला आणखी वाईट करून ठेवलं." तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

दुपारी वहिनी पुन्हा त्या दारात अडकल्या. मी समोर बसलेलो. त्या स्वतःच्या पायांकडं बघून रागानं म्हणाल्या, "काही आडवं असतं मेलं, तर ओलांडलं तरी असतं."

मी उठूनच उभा राहिलो. "शरदराव, यांना उंबरठा पाहिजे."

"काय?"

"उंबरठा! तुमच्या या देशात एका घराला उंबरठा नाही. वहिनींचं लहानपण उंबरठे ओलांडण्यात गेलं. ती पांढरी वायर होती तेव्हा त्या पाय उचलत होत्या. तुम्ही ती काढलीत. म्हणजे आपण काढली."

मला वाटलं होतं वाद घालतील. शरदरावांनी खिशात हात घातला, वायरीचा उरलेला एक तुकडा निघाला, तो त्यांनी वाकून वहिनींच्या पायांपुढं आडवा ठेवला. वहिनींनी खाली पाहिलं. उजवा पाय उचलला, पलीकडं टाकला. मग डावा. आणि चालत बैठकीत येऊन खुर्चीत बसल्या.

 मग शरदराव खाली बसले. जमिनीवरच, भिंतीला टेकून. हा माणूस बसलेला मी पाहिला तो तेव्हा.

पण जमिनीवर वायर बाईंना चालणार नव्हती, आणि खरंच पाय अडकला असता. मग आम्ही रंगीत चिकटपट्टी आणली, जमिनीला सपाट बसणारी. शरदरावांनी टेप लावून वहिनींचं पाऊल मोजलं, आणि त्या अंतरानं दारादारात, बैठकीत, न्हाणीघराच्या वाटेवर पट्ट्या मारल्या. पिवळ्याजर्द. ज्या जमिनीवरून एक एक वायर त्यांनी नाहीशी केली होती, तिच्यावर आता पन्नास रेघा ओरडत होत्या.

"शी, काय ध्यान दिसतंय घर," वहिनी म्हणाल्या.

"दिसू दे," शरदराव म्हणाले.

गंमत म्हणजे वहिनी एकाही पट्टीवर पाय देत नव्हत्या. लहानपणी उंबरठ्यावर पाय दिला की आजी पाठीत धपाटा घालायची, म्हणाल्या.

बाई आली. रेवा शेजारी हात बांधून उभी. वहिनी स्वयंपाकघरातून निघाल्या आणि बैठक, दार, न्हाणीघर, परत, अशा न थांबता फिरून आल्या. बाई शरदरावांना इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मला रेवानं सांगितलं, "तात्याकाका, त्या विचारतायत हे कुणी शिकवलं. या आजारात पायापुढे लाइन असली की पाय उचलला जातो. लाल लाइन पाडणाऱ्या काठ्या पण मिळतात म्हणे." शरदरावांनी माझ्याकडं बोट केलं. बाईनं माझ्याशी हात मिळवला. मी मिळवू दिला.

रेवा जाताना बापाला म्हणाली, "थँक्सगिव्हिंगपर्यंत, नोव्हेंबरपर्यंत बघू, बाबा. आय अ‍ॅम नॉट प्रॉमिसिंग." शरदराव म्हणाले, "नको प्रॉमिस करू. बघ." संजय फोनवर सांगतो, अजून दोघं त्याच घरात आहेत. पुढचं कुणाला माहीत.

शरदरावांना त्यानंतर पट्ट्यांचं वेडच लागलं. दाराबाहेर पायरीवर पट्टी, तिथून गाडी लावायच्या सिमेंटच्या उतारावर पार रस्त्यापर्यंत पट्ट्या. वहिनींना स्वतः पत्रपेटीपर्यंत जायचं होतं म्हणून. वसाहतीच्या मंडळाचं पत्र आलं, घरापुढं असल्या खुणा चालत नाहीत, काढून टाका. त्यांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

माझ्या मुक्कामाचे सहा महिने संपले. विमानतळाला जाताना संजयनं त्यांच्या घरापुढं गाडी थांबवली. मी उतरणार तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनीच निघाल्या, हातात डबा घेऊन.

"उतरू नका भावजी! मी येते."

शरदराव मागं दारात. हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले, कारण सोडले असते तर धावले असते. वहिनी एक एक पट्टी ओलांडत खाली येत होत्या. सावकाश, पण येत होत्या. गाडीपासून दीड पावलावर थांबल्या. शेवटची पट्टी तिथं नव्हतीच, गवत कापणाऱ्यांच्या वाऱ्याच्या यंत्रानं उडवली असावी. नुसतं राखाडी सिमेंट. पाय थरथरायला लागले. डबा हलायला लागला. मी गाडीचं दार उघडलं, पण संजयनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शरदराव आले. पळत नाही, चालत. वहिनींना धरलं नाही, डबाही घेतला नाही. शेजारी उभे राहिले आणि आपला बूट घातलेला पाय त्यांच्या पायांपुढं आडवा ठेवला.

"हं. चल."

"अहो, पाय काढा तो! तुमचा पाय ओलांडू का मी?"

"ओलांड."

"लोक बघतायत."

"बघू देत. ओलांड, कुमुद. तात्यांचं विमान आहे."

वहिनींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग त्या बुटाकडं. पाय उचलला आणि नवऱ्याच्या पायावरून पलीकडं टाकला. दुसराही टाकला. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि तोच थरथरता हात खाली त्यांच्या पायाच्या दिशेनं नेला, वाकता येईना तेवढं वाकून, आणि कपाळाला लावला.

शरदराव तिथंच उभे होते. पाय अजून आडवाच होता, परत जायचं होतं ना वहिनींना.